चौथ्या तळ्यावरचं घरटं

हुबळीत दुर्गदबैलाच्या कापडबाजारात यशवंत मिरजकर यांचं मॅचिंग सेंटर आहे. अस्तर, फॉल, दोरे, बटणं, लेस. आजोबांनी मिरजेहून येऊन हे दुकान टाकलं, वडिलांनी वाढवलं आणि यशवंतअण्णांनी ते चाळीस वर्षं चालवलं. बायका साडी घेऊन यायच्या, पदर गल्ल्यावर पसरायच्या, आणि अण्णा मागं न बघता हात लांब करून बरोबर त्याच छटेचं रीळ काढायचे. पांढऱ्या ट्यूबलाइटखाली एक रंग दिसतो आणि उन्हात दुसरा, हे त्यांना माहीत होतं, म्हणून गिऱ्हाइकाला ते हमखास पायरीवर उजेडात नेऊन दाखवायचे. बाजारात त्यांच्या शब्दाला वजन होतं. हा माणूस खोटं बोलत नाही, असं लोक म्हणायचे, आणि ते खरंही होतं.

वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी त्यांना धाप लागायला लागली. दुकानात बसल्या बसल्या छातीत काहीतरी घट्ट व्हायचं. तपासण्या झाल्या, हृदय ठीक निघालं. गोकुळ रोडच्या डॉक्टरांनी विचारलं, घरी काही ताण आहे का. अण्णा नाही म्हणाले. खरं तर होता. एकुलता एक मुलगा रोहित, दुकान बघणार नाही असं स्पष्ट सांगून बेंगळुरूला नोकरीला गेला होता. जाताना दोघांचं मोठं भांडण झालं. त्यानंतर सहा वर्षं बापलेकांचं बोलणं फोनवर, तेही जेवलास का, पाऊस आहे का, एवढंच. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि रोज सकाळी तासभर मोकळ्या हवेत चालायला सांगितलं.

तारिहाळच्या कारखान्यांच्या पलीकडं पाच तळी आहेत. एकाचं पाणी सांडव्यावरून दुसऱ्यात, दुसऱ्याचं तिसऱ्यात, असं उतरत जातं. पूर्वी ती आसपासच्या गावांची गुरं धुण्याची, पाणी भरण्याची जागा होती. चार वर्षांपूर्वी सरकारनं ती राखीव केली, भोवती कुंपण घातलं, चालायला फरसबंद वाट केली, लाकडी मनोरा उभा केला. पहिल्या तळ्यावर पायडलच्या होड्या, मुलांचे झोपाळे, चुरमुऱ्यांचं गिरमिट आणि मिरची भज्यांची टपरी. रविवारी तिथं जत्रा असते. पण दुसऱ्या तळ्यापासून गर्दी पातळ होत जाते, आणि चौथ्यापर्यंत फारसं कुणी पोचत नाही. तिथं काठानं पाणकणीस माजलेलं असतं आणि पाण्यावर कमळाच्या पानांचा गालिचा.

अण्णा तिथं पोचले ते गर्दी टाळायला. तिसऱ्या की चौथ्या दिवशी बांधावरच्या बाकावर एक म्हातारी बाई डोळे मिटून, मान एका बाजूला टाकून बसलेली त्यांना दिसली. चक्कर आली असेल म्हणून ते घाईनं जवळ गेले आणि पाणी देऊ का म्हणाले. बाईंनी डोळे न उघडताच एक बोट वर केलं, गप्प राहा म्हणून. मिनिटभरानं डोळे उघडून त्या म्हणाल्या, "ती टिबुकली होती. तुमच्या चपलांनी गेली."

त्या अंबूताई. धारवाडच्या. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून चौतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेल्या, लग्न न केलेल्या, एकट्या राहणाऱ्या. आयुष्यभर माणसांना आवाजावरून ओळखलं, आता पक्ष्यांना ओळखते, असं त्या सांगायच्या. पाखरांची नावं त्यांना मराठीत आणि कन्नडात दोन्हीकडून यायची. आठवड्यातले तीन दिवस त्या पहाटेच्या चिगरी या जलद बसनं हुबळीला यायच्या. पुढं रिक्षानं येतात हे कळल्यावर अण्णा त्यांना स्कूटरवरून आणायला लागले.

दोघांची जोडी चांगली जमली. अंबूताई आवाज ऐकून दिशा सांगायच्या, आणि अण्णांची नजर बरोबर तिथं जाऊन रंग टिपायची. हळदीकुंकू बदकाच्या चोचीचं टोक कुठल्या पिवळ्या रिळाचं आहे, हे अण्णा नंबरानिशी सांगायचे आणि अंबूताई हसायच्या. दोन वर्षांत अण्णांना सव्वाशे पक्षी ओळखू यायला लागले. धाप गेली. बायको शांताबाईंना वाटायचं, हे तळ्यावरून घरी येतात ते कुणी वेगळेच होऊन. चहा पिताना आपणहून बोलतात.

अंबूताईंची एक वही होती आणि त्या वहीचा एक नियम होता. घरटं दिसलं की तारीख लिहायची, पक्ष्याचं नाव लिहायचं, जागा लिहायची नाही. आणि कुणाला सांगायची नाही, घरच्यालासुद्धा नाही. नियम त्यांनी अण्णांना एकदाच सांगितला होता.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये एका गुरुवारी त्या चौथ्या तळ्यापाशी थबकल्या. पानांमधून मांजराच्या पिल्लासारखा बारीक आवाज येत होता. अण्णांनी दुर्बीण लावली. कमळपक्षी होता. अंगावर विणीच्या दिवसांतला पोशाख, चॉकलेटी अंग, पांढरे पंख, मानेमागं सोनेरी पट्टा, लांब वळलेली शेपटी. तो कमळाच्या पानांवर रचलेल्या ओल्या काड्यांच्या चौथऱ्यावर बसला होता. उठला तेव्हा खाली चार अंडी दिसली, लाखेच्या बांगडीसारखी गडद आणि चकचकीत.

अंबूताईंनी हलक्या आवाजात सांगितलं की हा नर आहे. मादी अंडी घालून जाते, दुसरा जोडीदार शोधते. अंडी उबवायची, पिल्लं वाढवायची ती एकट्या बापानं. जवळपास चार आठवडे. पाणी वाढलं किंवा धोका वाटला तर तो एकेक अंडं चोचीनं ओढत दुसऱ्या पानावर नेतो. अण्णांनी दुर्बीण खाली घेतली. मग म्हणाले, "चार आठवडे एकटाच?"

ही जागा आणखी एका माणसाला माहीत होती. चौथ्या तळ्यावर पहाऱ्याला असलेली शेवंता. पंचेचाळिशीची, कुंपणाला लागून असलेल्या गावातली, घरी मराठी बोलणारी. पूर्वी तिच्या सासरच्या म्हशी याच तळ्यात डुंबायच्या. कुंपण झाल्यावर म्हशी बंद झाल्या आणि ठेकेदारानं गावातल्या चार जणांना पहारेकरी म्हणून घेतलं, त्यात ती एक. तिनं आपल्या सख्ख्या दिराच्या म्हशी काठी दाखवून परत फिरवल्या होत्या. त्यावरून गावात तिच्याशी काही घरं बोलत नव्हती. कमळपक्षी तिनं अंबूताईंच्या आधीच पाहिला होता. पण अक्का स्वतः ऐकून शोधतात का ते बघायचं म्हणून ती गप्प राहिली होती.

पुढच्याच आठवड्यात रोहित पाच-सहा दिवसांच्या सुट्टीवर घरी आला. त्यानं नवा कॅमेरा घेतला होता, हातभर लांब भिंगाचा. पहिले दोन दिवस घरात तेच, जेवलास का, झोप झाली का. तिसऱ्या दिवशी सकाळी अण्णा बूट घालत होते तेव्हा तो दारात येऊन म्हणाला, "अप्पा, तुम्ही रोज कुठं जाता? मी येऊ?"

अण्णा चल म्हणाले. सहा वर्षांत मुलानं पहिल्यांदा काही मागितलं होतं. तो बुधवार होता, अंबूताईंचा येण्याचा दिवस नव्हता. दोघं स्कूटरवरून गेले. पहिल्या तळ्यावर खंड्या दाखवून झाला, दुसऱ्यावर शेकाट्या. रोहित फोटो काढत होता, विचारत होता, हसत होता. चौथ्या तळ्याशी आल्यावर अण्णा थांबले. पुढं जायचं की परत फिरायचं हे त्यांनी ठरवायला हवं होतं. ते म्हणतात की त्यांनी ठरवलंच नाही, पाय गेले. शेवंता तेव्हा तळ्याच्या दुसऱ्या टोकाला होती. त्यांनी रोहितच्या खांद्यावर हात ठेवून बोटानं दाखवलं आणि अंबूताईंनी सांगितलेलं सगळं त्याला सांगितलं. बाप एकटा उबवतो म्हणून.

रोहित बांधावर पालथा पडून अर्धा तास फोटो काढत राहिला. परत येताना टपरीवर दोघांनी गिरमिट खाल्लं. लहानपणी दुकानात रिळांच्या डब्यांचे डोंगर रचायचो ते आठवतं का, असं रोहितनं विचारलं. अण्णांच्या आयुष्यातल्या चांगल्या सकाळींपैकी ती एक होती. मुलाला त्यांनी बजावलं होतं की कुणाला सांगू नकोस. जागा सांगू नको, असं रोहितला ऐकू आलं, की फोटो टाकू नको, हे कळायला मार्ग नाही. गुरुवारी त्यानं फोटो आपल्या इंटरनेटवरच्या पानावर टाकला. त्या पानाला त्याचं स्वतःचं नाव नव्हतं, इंग्रजी काहीतरी नाव होतं. जागा त्यानंही लिहिली नव्हती, फक्त पाच तळी, हुबळी एवढंच. पण फोटोत मागं मनोरा आणि सांडव्याचा दगडी कठडा दिसत होता. ज्यांनी ओळखायचं त्यांनी ओळखलं. शुक्रवारपर्यंत तो हजारो लोकांपर्यंत गेला. शनिवारी रोहित परत बेंगळुरूला गेला. जाताना तो वडिलांच्या पाया पडला.

रविवारी सकाळी अंबूताई आणि अण्णा तळ्यावर आले तेव्हा फाटकाबाहेर मोटारींची रांग होती. चौथ्या तळ्याच्या बांधावर तीस-पस्तीस माणसं, तिपायांवर कॅमेरे, लग्नाच्या मांडवात असतात तसे. जलपर्णी काढायची लोखंडी होडी काठाला बांधलेली असायची, ती पाण्याच्या मधोमध होती आणि तिच्यात चौघे जण उभे होते. शेवंता काठावरून त्यांना कन्नडात ओरडून बाहेर बोलावत होती. रविवारची गर्दी सांभाळायला तिला पहिल्या तळ्यावर पाठवलं होतं. तेवढ्यात कुणीतरी होडी सोडली होती.

होडीची लाट पानांखालून गेली. चौथरा एका बाजूला कलला. अंडी घरंगळली, तीन पाण्यात, एक पानाच्या कडेला अडकलं. कमळपक्षी वर घिरट्या घालत ओरडत होता. होडी लांब गेल्यावर तो खाली उतरला, अडकलेलं अंडं गळ्याखाली धरून मागं मागं ओढू लागला. एका पानावरून दुसऱ्या पानावर नेताना तेही गेलं. तो पुन्हा रिकाम्या चौथऱ्यावर येऊन बसला, अंडी असताना बसायचा तसाच, पंख किंचित फुलवून.

माणसं पांगली. अंबूताई नऊ वाजेपर्यंत दुर्बीण डोळ्यांवरून काढायला तयार नव्हत्या. शेवटी बाकावर बसल्या. मग त्यांनी विचारलं, "यशवंता, तू कुणाला बोललास का?"

"नाही, अंबूताई."

त्यांनी मान हलवली. दुसरा प्रश्न विचारला नाही.

हे उत्तर अण्णांनी विचार करून दिलं नव्हतं. आधी उत्तर आलं, विचार मागून आला. पण ते परत घ्यायला पुढचा क्षण होता, स्कूटरवरचा अर्धा तास होता, बसस्टॉपवरची दहा मिनिटं होती. त्यांनी घेतलं नाही.

मंगळवारी मनोऱ्याखाली चालणाऱ्यांच्या मंडळाची बैठक झाली. मंडळाचे सचिव प्रभंजन हे वकील. फोटो कुठल्या पानावर आला ते शोधून सापडत नव्हतं, कारण तळ्यावरच्या गर्दीचे फोटो बघून रोहितनं तो रविवारीच काढून टाकला होता. वकिलांनी विचारलं की घरट्याची जागा आधी कुणाकुणाला माहीत होती. अंबूताई उठल्या आणि म्हणाल्या की तिघांना. "मी सांगितलेलं नाही. यशवंतनं सांगितलेलं नाही." एवढं बोलून त्या बसल्या. पुढचं वाक्य कुणी बोललं नाही, पण सगळ्यांनी मनात पूर्ण केलं. कुणीतरी म्हणालं की होडी पहारेकऱ्याच्याच ताब्यात असते. अण्णा शेवटच्या रांगेत बसले होते. त्यांना छातीत जुनी घट्ट पकड जाणवली.

चार दिवसांत ठेकेदारानं शेवंताला कामावरून काढलं.

त्यानंतर अण्णा तळ्यावर जात राहिले, अंबूताईंना आणत राहिले, पण गप्प असायचे. अंबूताईंना वाटलं घरट्याचं दुःख आहे. त्या त्यांची समजूत घालायच्या. ती समजूत ऐकून घेणं हे अण्णांना सगळ्यात अवघड गेलं. रात्री झोप येईना. दुकानात एकदा त्यांनी मोरपंखी साडीला हिरवा फॉल दिला. साडीवाल्या बाई परत आल्या तेव्हा अण्णा स्वतःवरच चिडले.

आणि मग एका दुपारी शेवंता दुकानात आली. तिला काही घ्यायचं नव्हतं. ती पायरीवरच उभी राहिली. अण्णांनी आत बसायला सांगितलं तरी बसली नाही. तिनं जे सांगितलं ते थोडक्यात असं. नोकरी गेली ते गेलं, नवरा तारिहाळला कामाला आहे, चूल पेटते. पण गावात बोलतात की आमच्या म्हशींना काठी दाखवणारी हीच, आणि शहरातल्या फोटोवाल्यांना होडी सोडून देणारीही हीच. दिराची बायको नळावर सगळ्यांसमोर तसं बोलली. घरात सासूनं तिच्या हातचं जेवण टाकलं.

"अण्णा, मी कुणाला दाखवलं नाही," ती म्हणाली. "वकील तुमचं ऐकतात. तुम्ही एक शब्द टाकलात तर लोक मानतील."

अण्णा बोलतो म्हणाले. ती हात जोडून गेली. ती त्यांच्यावर विश्वास ठेवून आली होती, कारण बाजारात सगळे ठेवत होते.

त्यांनी दुकान चार वाजताच बंद केलं. घरी येऊन शांताबाईंना सगळं सांगितलं, पहिल्यापासून. शांताबाई भाजी निवडत होत्या. त्यांचे हात थांबले.  मग म्हणाल्या की सांगायला हवं, त्यात प्रश्न नाही. पण रोहितचं नाव घेऊ नका. सहा वर्षांनी तो तुमच्याशी हसून बोलला आहे. अण्णा म्हणाले की नाव घेणार नाही, पण त्याला न कळवता जाणार नाही.

त्यांनी फोन केला. रोहितनं ऐकून घेतलं. एका बाईची नोकरी गेली हे त्याला माहीत नव्हतं. तो म्हणाला, "अप्पा, तुम्ही मला तेव्हाच का नाही सांगितलंत?" अण्णांकडं उत्तर होतं, पण ते फोनवर देण्यासारखं नव्हतं. आपण रागावलो तर पुन्हा सहा वर्षं जातील, ही भीती होती. ते एवढंच म्हणाले की चूक माझी, मी दाखवलं. रोहितनं फोन ठेवला. पुढं महिनाभर त्याचा फोन आला नाही.

बैठक पुन्हा मंगळवारीच होती, पहिल्या बैठकीनंतर बरोबर तीन आठवड्यांनी. अण्णा उभे राहिले. घरट्याची जागा मी दाखवली, शेवंतानं नाही, असं त्यांनी सांगितलं. कुणाला, असं वकिलांनी विचारलं. अण्णा म्हणाले की ज्याला दाखवली त्याला नियम माहीत नव्हता, मला माहीत होता, म्हणून दोष माझा. कुणी आवाज चढवला नाही. एक-दोघांनी तर म्हटलं की होतं असं, मनाला लावून घेऊ नका. तो सौम्यपणा अण्णांना सहन होईना. त्यांची नजर अंबूताईंकडं होती. अंबूताईंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला होता. त्या उठल्या, फाटकाकडं चालू लागल्या. अण्णा मागं गेले, स्कूटर काढतो म्हणाले. त्यांनी पाठीमागं न बघता हातानं नको म्हटलं. एकाहत्तर वर्षांच्या त्या बाई कुंपणाच्या कडेनं चिखलातून दीड किलोमीटर चालत शेवंताच्या गावी गेल्या. तिच्या ओट्यावर बसून, तुझ्यावर मी संशय घेतला, असं त्यांनी तिला सांगितलं आणि तिथूनच रिक्षा करून परत गेल्या. त्या दिवसानंतर कित्येक महिने त्या पाच तळ्यांवर आल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी अण्णा शेवंताच्या घरी गेले. ती उंबऱ्यात उभी होती, आत या म्हणाली नाही. त्यांनी सांगितलं की मंडळात सगळं बोललो, वकील ठेकेदाराला पत्र देणार आहेत. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मंडळात माझं नाव खराब झालं नव्हतं, अण्णा. मंडळातले लोक मला ओळखतसुद्धा नाहीत. गावात झालंय. इथं सांगा."

त्यांनी विचारलं, कधी. ती म्हणाली, आता. उद्याची वाट बघायला नको, पारावर माणसं बसलीच आहेत.

मारुतीच्या पारावर दहा-बारा माणसं होती, बाजूला नळावर बायका. अण्णा दुकानात हजारो लोकांशी कन्नडात बोलले होते, पण त्या दिवशी त्यांना साधे शब्द आठवेनात. तरी ते उभे राहिले आणि कन्नडात म्हणाले की मी हुबळीच्या बाजारातला यशवंत मिरजकर. पाखराची जागा मी सांगितली. नाव या बाईवर आलं, तेव्हा मी गप्प बसलो. मी खोटं बोललो.

नळ चालू होता, कुणीतरी तो बंद केला. शेवंताची सासू दारातून ऐकत होती.

एका म्हाताऱ्यानं अण्णांकडं नीट बघून घेतलं. मग त्यानं विचारलं, अगदी शांतपणे, की साहेब, चार अंडी बुडाली म्हणून तुम्ही दोनदा बैठका घेतल्या. आमची गुरं चार वर्षं तळ्यावर जात नाहीत, उन्हाळ्यात दोन मैल लांब नेतो. त्याची बैठक कधी झाली?  रोज सकाळी ते त्याच कुंपणाच्या आतून चालत होते, आणि हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता. ते तसंच म्हणाले, की मला हे सुचलंच नाही. म्हाताऱ्यानं मान डोलावली आणि त्यांना बसायला जागा करून दिली.

ते अर्धा तास बसले. निघताना शेवंता म्हणाली, बरं झालं आलात. त्यात क्षमा होती की नाही हे त्यांना कळलं नाही, आणि विचारायचा हक्क आपल्याला नाही असं त्यांना वाटलं.

पुढं काही गोष्टी झाल्या. चौथ्या तळ्यावरची होडी साखळदंडानं बांधली गेली, पावसाळ्याचे चार महिने त्या बांधावर जायला बंदी आली. वकिलांच्या पत्रावर ठेकेदारानं उत्तर दिलं की जागा भरली आहे, हवं तर पहिल्या तळ्यावर झाडलोटीचं काम आहे. शेवंतानं ते घेतलं नाही. ती तारिहाळला एका कारखान्यात पॅकिंगला जाते. गुरांसाठी पाचव्या तळ्याच्या सांडव्याखाली वाट द्यावी असा अर्ज अण्णांनी वकिलांकडून लिहून घेतला, गावातल्या साठ जणांच्या सह्यांसकट दिला. तो अजून कुठल्यातरी टेबलावर आहे. ते महिन्यातून एकदा जाऊन विचारून येतात.

ऑक्टोबरमध्ये अण्णा चिगरी बसनं धारवाडला गेले. अंबूताईंनी दार उघडलं, बसायला सांगितलं, चहा केला. शेजारच्यांचं लग्न, बसचं वेळापत्रक, गुडघेदुखी, सगळं बोलून झालं. शेवटी अण्णांनीच विषय काढला, माफी मागितली.

अंबूताईंनी कप खाली ठेवला. त्या म्हणाल्या की एक्स्चेंजच्या आवारात त्यांनीही एकदा बुलबुलाचं घरटं कौतुकानं सगळ्या बायकांना दाखवलं होतं. रोज माणसं जाऊन वाकून बघायला लागली. कावळ्यांनी माग काढला आणि पिल्लं नेली. तो नियम तिथून आला. "म्हणजे घरट्याबद्दल मी तुला काही बोलू शकत नाही," त्या म्हणाल्या. "पण मला तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. तुला मी विचारलं होतं, यशवंता. तुझ्या उत्तरावर मी एका गरीब बाईकडं बोट दाखवलं. ते बोट आता माझं आहे. ते तुला परत देता येत नाही."

अण्णा म्हणाले, खरं आहे. त्या त्यांना बसस्टॉपपर्यंत सोडायला आल्या नाहीत, पण दारात उभ्या राहिल्या.

रोहित दिवाळीत आला. कॅमेरा आणला नव्हता. एका सकाळी तो वडिलांबरोबर चालायला गेला, पण फाटकातून आत जाण्याऐवजी त्यानं शेवंताचं घर विचारलं. अण्णांनी लांबून दाखवलं. तो एकटाच गेला, वीस मिनिटांनी आला. काय बोलणं झालं ते त्यानं सांगितलं नाही, अण्णांनी विचारलं नाही. स्कूटर त्यानं चालवली. वाटेत एका वळणावर अण्णांनी त्याच्या खांद्याला धरलं, पडायची भीती नव्हती तरी.

जानेवारीत पाचही तळ्यांवर पक्ष्यांची मोजणी असते. धारवाडचं पथक येणार होतं. यादीत अंबूताईंचं नाव पहिल्या तळ्यापुढं होतं, अण्णांचं पाचव्यापुढं. वकिलांनी विचारलं, बदलू का. अण्णा म्हणाले की त्यांनी मागून घेतलं असेल तर राहू द्या. त्या सकाळी धुकं होतं. मनोऱ्यापाशी सगळ्यांना तक्ते वाटले गेले तेव्हा दोघं समोरासमोर आले. अंबूताईंनी विचारलं, गुडघ्यांना कुठलं तेल बरं. अण्णांनी सांगितलं. मग त्या उजवीकडं गेल्या, अण्णा बांधावरून खाली पाचव्या तळ्याकडं उतरले. आठ ते दहा त्यांनी एकट्यानं मोजणी केली. एकदा पाणकणसातून एक आवाज आला, तो त्यांना ओळखता आला नाही. तक्त्यात त्यांनी त्यापुढं रेघ मारली आणि खाली लिहिलं, पक्षी दिसला नाही, नाव खात्रीनं सांगता येत नाही.